दोन तिकिटे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

कादंबरीची कल्पना सुचते कुठून, असे तू विचारले आहेस. कल्पना सुचायला फार वेळ लागत नाही. सुचलेले किती काळ जपायचे आणि त्याला कोणता प्रश्न विचारायचा, यातच माझी वर्षे गेली.

एका प्रवासात समोरच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच बसले होते. तिकीट तपासनीस आला तेव्हा त्यांनी दोन तिकिटे पुढे केली आणि तो गेल्यावर त्यांतल्या एकाच्या चार घड्या घालून ते चष्म्याच्या घरात ठेवले. एवढेच मी वहीत टिपून घेतले. तीन वर्षे त्यातून काहीच निघाले नाही, कारण ‘पत्नी वारली असेल’ हे पहिले उत्तर मी निमूटपणे मान्य केले होते, आणि आपल्याला चटकन सुचलेले उत्तर वाचकालाही सुचतेच. ‘दुसरा माणूस जिवंत आहे, पण आला नाही’ असे ज्या दिवशी मनात आले, त्या दिवसापासून अबोला धरलेला भाऊ, वाटणीचे भांडण, सगळे हळूहळू दिसू लागले.

मांडणीचे मात्र मी रशियन कादंबरीकार टॉलस्टॉयकडून शिकले. १८७२ साली त्याच्या घराजवळच्या स्टेशनात एका स्त्रीने गाडीखाली जीव दिला आणि तिचा मृतदेह त्याने पाहिला. ‘अ‍ॅना कारेनिना’ ही कादंबरी लिहायला तो बसला १८७३ मध्ये. अ‍ॅना आपल्यासमोर येते तीच मुळी पहिल्या भागाच्या १८व्या प्रकरणात, रेल्वेच्या डब्यापाशी, आणि तेव्हाच स्टेशनात एक पहारेकरी गाडीखाली सापडतो. लेखकाला सर्वांत आधी मिळालेली घटना, म्हणजे नायिकेने गाडीखाली जीव देणे, त्याने ८ भागांपैकी ७व्याच्या अखेरीपर्यंत राखून ठेवली, सुरुवातीला तिची सावली तेवढी पडू दिली.

हे उमगल्यावर मी तिकिटांचा प्रसंग पहिल्या पानावरून उचलला. तिथे तो नुसते कुतूहल जागे करत होता. भाऊ येणार नाही हे वाचकाला कळून चुकल्यावर म्हातारा तिकिटाच्या खिडकीशी दोन तिकिटे मागतो, तेव्हा मात्र त्याच कृतीने पोटात कालवते. त्यासाठी लिहून झालेली साठ पाने मोडावी लागली, आणि ती मोडताना मला वाईट वाटले नाही.

कुलूप लावून झाल्यावरही ते पुन्हा पुन्हा ओढून पाहणारी तुझ्या वहीतली बाई मला फार आवडली. खोलीत काय आहे, हे एवढ्यात ठरवू नकोस. ती एकदा कुलूप न लावताच निघून जाईल असे काय घडू शकेल, तेवढे लिहून पाठव.

तुझी,
आई