सिस्टर, त्या रात्रीच्या एका प्रश्नासाठी

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं किंवा तुमच्या हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाही. पण मिरज, 7 ऑक्टोबर 2022, शुक्रवारची रात्रपाळी आणि तासगावकडचा डावा हात गळ्यात अडकवलेला द्राक्षबागायतदार, एवढं वाचलंत की तुम्हाला आठवेल.

माझ्या हाताचं तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 2014 साली मणेराजुरी रस्त्यावर मोटारसायकल घसरली, डावा खांदा आणि मान दोन दिशांना ताणली गेली. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांची पाच मुळं असतात. माझी वरची तुटली होती आणि खालची मणक्यातून सरळ उपटली गेली होती. बरगडीची नस दंडात जोडून कोपर थोडं वाकायला लागलं, पंजा मात्र गेला तो गेलाच. त्या पंजाला सुई टोचली तरी कळत नाही, आणि तोच पंजा आठही प्रहर मिरचीत बुडवून ठेवल्यासारखा जळतो. मधूनच खांद्यापासून बोटांपर्यंत करंट जातो, तेव्हा बोलता बोलता माझं वाक्य तुटतं. ज्याला स्पर्शच कळत नाही तो हात दुखतो कसा, हे मी आठ वर्षं लोकांना सांगत आलो.

त्यासाठी नसांच्या गोळ्या होत्याच, वर ट्रॅमाडॉल, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. सुरुवातीला 50 मिलिग्रॅमची कॅप्सूल दोन वेळा घ्यायचो. वर्षं सरली तशी ती पुरेनाशी झाली आणि अखेर दिवसाला 400 पर्यंत गेलो. त्याच्या वर जायचं नाही, फिट येऊ शकते, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी एकदाही वर गेलो नाही. 2018 मध्ये हे औषध एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. तेव्हापासून मेडिकलमध्ये चिठ्ठी पुढे केली की समोरचा आधी चिठ्ठीकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघायचा. 2022 मध्ये सहावीतली माझी मुलगी शाळेतून आली आणि आईला विचारत होती, "पप्पा नशेच्या गोळ्या खातात का?"

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी सगळ्या स्ट्रिपा शेततळ्यात टाकल्या. कोणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. घरच्यांना वाटलं सर्दी आहे. रात्री पायांना चैन पडेना. पोटऱ्यांत किडे वळवळतायत असं वाटून मी अंगणात फेऱ्या मारत राहिलो. तिसऱ्या दिवशी जुलाब, उलटी, अंगावर काटा, थंडी वाजते आणि घामही येतो. डोक्यात झिणझिण झटके बसत होते, मान वळवली तरी बसायचे. आणि हात! आठ वर्षांत असा पेटला नव्हता. ऑक्टोबर छाटणीची माणसं बागेत होती आणि मी घरात गोठ्यातल्या जनावरासारखा ओरडत होतो.

आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो. उजव्या डोळ्याची बाहुली मोठी, डाव्याची बारीक, चेहऱ्याची उजवी बाजू घामाने निथळतेय आणि डावी कोरडी, हे बघून तिथे अर्धांगवायूचा संशय घेतला. मेंदूचा स्कॅन स्वच्छ आला. मग बायकोने ट्रॅमाडॉलचं नाव घेतलं आणि त्या लोकांचा सूरच बदलला. "गोळीसाठी चाललंय सगळं," असं तिच्यासमोर म्हणाले. ती रडत होती. मला तेव्हा ते खरंच वाटलं, हे मला आज लिहिलंच पाहिजे.

मग तुम्ही. आधी माझी डावी पापणी बोटाने हलकेच उचललीत आणि बायकोला विचारलंत, "ही अपघातापासूनच अशी मिटल्यासारखी आहे का?" ती हो म्हणाली. खालची मुळं उपटली की त्या बाजूची बाहुली बारीक राहते आणि चेहऱ्याला घाम येत नाही, हे पुढे पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी मला समजावलं. तुम्ही ते एका नजरेत बाजूला काढलंत आणि चांगल्या डोळ्याकडे बघितलंत, कारण अशी गोळी एकदम तुटली की बाहुली मोठी होते. माझ्या दंडावरचा काटा बघितलात. मग खुर्ची ओढून बसलात आणि अगदी हळू विचारलंत, "दादा, कुठली गोळी एकदम बंद केलीय का?"

तीन दिवसांत कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी शेततळ्याचं सांगितलं. मला वाटलं रागवाल. तुम्ही म्हणालात, "मग बरोबर आहे. हे होणारच होतं."

त्यानंतर तुम्ही एक कागद काढलात. नाडी, घाम, बाहुली, जांभया, काटा, थरथर, अशा अकरा गोष्टींना गुण द्यायचा तो कागद. बेरीज करून डॉक्टरांना उठवलंत. त्यांनी ट्रॅमाडॉल पुन्हा सुरू केलं, पण आधीच्यापेक्षा कमी, शिवाय घाम आणि धडधडीसाठी क्लोनिडिन दिलं. त्याने बीपी उतरतं म्हणून तुम्ही सकाळपर्यंत तासातासाला येऊन बीपी मोजत होतात. चारच्या सुमारास पाय शांत झाले. माझी बायको बाकावर झोपली होती, तिच्या अंगावर तुम्ही तुमची शाल घातली होतीत. ती शाल आम्ही परत केली का, यावरून आमच्या घरात अजून बोलणं होतं.

पहाटे मी विचारलं, मी व्यसनी आहे का? तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे बागेला पाइपलाइन आहे ना? चालू मोटारीवर कॉक एकदम बंद केला तर काय होतं?" मी म्हणालो, पाइप फुटतो. "तेच झालंय. औषध ठरवून दिल्याप्रमाणे घेतलं तरी वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीर त्यावर टेकतं. ते काढायचं तर कॉक हळूहळू फिरवायचा." ट्रॅमाडॉलला अफूच्या जातीचा गुण आहे आणि डिप्रेशनच्या काही औषधांसारखाही, म्हणून डोक्यात ते झटके, हेही तेव्हाच कळलं. आणखी एक तुम्ही निक्षून सांगितलंत: काही दिवस गोळी बंद राहिली की आधीचा सगळा डोस एकदम घ्यायचा नाही, शरीराला तो पेलत नाही. हे मी नंतर दोघांना सांगितलं आहे, दोघेही असेच हाताचे रुग्ण.

पण माझ्या सर्वांत उपयोगी पडली ती वही. तुम्ही मुलीची शाळेची वही मागवायला लावलीत आणि पानावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडे "हाताचं", उजवीकडे "गोळीचं". म्हणालात, दोन्ही दुखणी एकाच अंगात आहेत म्हणून एकच वाटतात, तुम्ही लिहून वेगळी करा.

सिस्टर, तो रकाना नसता तर मी दुसऱ्याच पायरीला परत 400 वर गेलो असतो. डॉक्टरांनी 50 मिलिग्रॅमच्या आठ पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. प्रत्येक वेळी डोस उतरला की हात पेटायचा, आणि मन म्हणायचं, बघ, गोळीशिवाय नसा मानत नाहीत. मग मी उजवा रकाना बघायचो. त्याच तारखांना जांभया, शिंका, पोटऱ्यांची वळवळ. म्हणजे ही आग हाताची एकट्याची नाही. आठ-दहा दिवसांत उजवा रकाना रिकामा व्हायचा आणि हातही त्याच्या नेहमीच्या जळण्यावर यायचा. शेवटची 50 ची पायरी सर्वांत अवघड गेली. ती मी दोनदा पुढे ढकलली, डॉक्टरांनी ढकलू दिली. एकूण चौदा महिने लागले.

माझा हात बरा झालेला नाही. आजही हे एका हाताने लिहिताना दुसरा जळतोय. नसांची औषधं चालू आहेत, रात्री आरशासमोरचा व्यायाम करतो. छाटणीची कात्री उजव्या हाताने चालवतो, काडी मुलगी धरते. तिला आम्ही सगळं सांगितलं, वहीही दाखवली.

त्या वहीची झेरॉक्स या पत्राबरोबर तुमच्या वॉर्डला पाठवतो आहे. माझं नाव खोडलं आहे, कोणालाही दाखवा. उजव्या रकान्यातली शेवटची नोंद 19 डिसेंबर 2023 ची आहे: "सकाळी दोन जांभया." पुढची पानं डावीकडे भरलेली आहेत, उजवीकडे कोरी.

आपला,
तासगावचा दादा