मीटिंगची पहिली दहा मिनिटं माणसांसाठी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोरोनापासून आमच्या गुहागर, दापोली, देवगडकडची बरीच पोरंपोरी गावी राहूनच पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं करतायत. त्यांच्याबद्दल बातम्या येतात त्या रेंजच्या नाहीतर लाईट गेल्याच्या. ते प्रश्न आहेतच, पण घरी बसून माणूस टीमपासून तुटत जातो त्यावर कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेव्हियर' या संशोधन मासिकात आला होता, सगळे घरून काम करायला लागल्यावर लोक आपापल्या गटातच अडकले आणि बाहेरच्या गटांशी संबंध कमी झाले असं त्यात दिसलं. ऑफिसात चहाला उतरलं की जी ओळख आपसूक होते ती ऑनलाईन मुद्दाम करून द्यावी लागते.

पण मुद्दाम म्हणजे शुक्रवारी रात्री आठला कॅमेरा ऑन करून हाऊजी खेळायची सक्ती नव्हे! माझ्या आधीच्या कंपनीत हेच चालायचं. त्या वेळेला गावात नेट रांगतं, घरी जेवणाची पानं घेतलेली, आणि सोमवारी परत विचारणा की जॉईन का नाही झालास. अशाने जवळीक होत नाही ओ, राग येतो.

आत्ताच्या टीममध्ये सोमवारच्या नेहमीच्या मीटिंगचीच पहिली दहा मिनिटं गप्पांना दिलीत, ऑफिसच्या वेळेत, आणि मला हेच बरोबर वाटतं. आमची लीड एकेकाचं नाव घेऊन बोलायला सांगते, कारण ऑनलाईन आवाज जरा उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलतात मग दोघंही थांबतात आणि शेवटी मोठ्या आवाजाचाच माणूस बोलत राहतो. नको असेल त्याने पास म्हणायचं, रेंज गेली तर चॅटमध्ये लिहायचं. लग्न, पगार, तब्येत हे विषय कोणी दुसऱ्याला विचारायचे नाहीत, हे तर फार महत्त्वाचं.

जुलैत टीममधल्या नव्या मुलीने माईक चालू केला तर पत्र्यावरच्या पावसाचा एवढा आवाज की तिचं बोलणंच ऐकू येईना. कोणीतरी विचारलं कुठे आहेस, तर म्हणे मालवणजवळ. मग हैदराबादचा टेस्टर विचारत बसला की एवढ्या पावसात तुम्ही मासे कुठून आणता, आणि तिने त्याला पावसाळ्यातली मासेमारीबंदी, उन्हाळ्यात सुकवून ठेवलेले बांगडे, सुकट सगळं सांगितलं. आधी काही अडलं की ती अर्धा अर्धा दिवस एकटीच डोकं धरून बसायची, आता सरळ त्याला मेसेज टाकते. वेळ फुकट जातो म्हणणाऱ्या मॅनेजर मंडळींनी तो वाचलेला अर्धा दिवस पण मोजावा.

तुमच्या पेपरात नोकरीविषयक मजकूर येतो त्यात टीम लीड लोकांनी असं काय काय करून बघितलंय तेही छापाल का? गावाकडून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते आपल्या साहेबाला दाखवता येईल.

आपला,
एक वाचक, गुहागर