बावची लावून उन्हात बसू नका

मा. संपादक, स.न.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पांढऱ्या डागांवर बावचीचं बी वाटून लावा आणि कोवळ्या उन्हात बसा असं छापलंय, दोन ओळीत विषय संपला. मी हे करून बसलेय म्हणून लिहितेय. नडगीवर रुपयाएवढा डाग होता, काष्ठौषधीच्या दुकानातून बी आणलं, मिक्सरला फिरवलं, खोबरेल तेलात कालवून लावलं आणि अर्धा तास गच्चीत. त्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री कातडी लालभडक, तिसऱ्या दिवशी टम्म फोड, साडीचा काठ लागला तरी जीव जायचा, आणि आता डाग तिथेच आहे वर त्याला काळं कडं आलंय.

स्किनच्या डॉक्टर ओरडल्या नाहीत, फक्त विचारलं किती मिनिटं बसलात? बावचीत सोरालेन असतं, ते लागलेल्या जागी ऊन पडलं की त्वचा भाजते, आणि लगेच कळत नाही हीच फसवणूक. याच सोरालेनच्या कुटुंबातलं औषध देऊन दवाखान्यात पुवा नावाची ट्रीटमेंट करतात, कोडाला, सोरायसिसला, पण तिथे औषध मोजून आणि वर पाडायचा अतिनील लाइटपण मोजून. म्हणजे आजीबाईचा बटवा खोटा नव्हता, माप माझ्याकडे नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच बीत बाकुचिऑल पण आहे, हल्ली चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या बाटल्यांवर दिसतं ते. ते बीतून वेगळं काढल्याचा पेपर १९६६ चा, काम आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं (एनसीएल)! आणि त्याची रेटिनॉलशी, म्हणजे सुरकुत्यांवर लावतात त्या अ जीवनसत्त्वाच्या प्रकाराशी, तुलना झालीये, ४४ जण, १२ आठवडे, दोन्ही अर्धा टक्का, बाकुचिऑल मात्र दिवसातून दोनदा. सुरकुत्या आणि काळे डाग दोन्हीकडे सारखेच कमी झाले, रेटिनॉलवाल्यांची साल जास्त निघाली, चुरचुर जास्त झाली. आता ४४ माणसं म्हणजे आमच्या सोसायटीची एक विंग, त्यामुळे लगेच नाचायला नको, पण निदान कोणीतरी मोजलं तरी. त्या सीरममध्ये सोरालेन काढून शुद्ध केलेलं बाकुचिऑल असायला लागतं, माझ्या मिक्सरमधून सगळंच आलं.

येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच साइजच्या अक्षरात एवढं छापा की बावची घरी लावून उन्हात बसू नका. आमच्या शेजारच्या काकूंनी तुमचं कात्रण फ्रिजवर लावलंय.

एक वाचक, सातारा