पाण्याविषयी बाबांच्या प्रश्नाला उत्तर

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, जेवणाची आबाळ नाही आणि शेंगाचटणी अजून पुरली आहे. माझ्या खिडक्यांच्या काचा धुण्याच्या कामात शिडीवर चढावे लागते का आणि त्यात एवढे पाणी का ओततो, या बाबांनी फोनवर विचारलेल्या दोन प्रश्नांना कामाच्या गडबडीत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

शिडीची भीती मनातून काढून टाका. येथे २००५ च्या नियमांनुसार उंचीवरचे काम टाळता येत असेल तर ते टाळणे मालकावर बंधनकारक आहे. मी जमिनीवर उभा राहून कार्बन फायबरच्या लांब दांड्याने दुसऱ्या मजल्याच्या काचा धुतो. दांड्याच्या टोकाला ब्रश असतो आणि नळीतून तेथवर पाणी जाते.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असताना आपला मुलगा परक्यांच्या काचांवर पाणी ओततो, हे बाबांचे म्हणणे मात्र मला लागले, कारण तो प्रश्न मलाही रोज पडतो. साबणाचे पाणी लावून रबरी पट्टीने काच निपटली तर एका बादलीत दोन-तीन घरे होतात, परंतु प्रत्येक काचेची कड फडक्याने पुसावी लागते आणि वरच्या मजल्यासाठी पुन्हा शिडी आलीच. दांड्याने काम झपाट्याने होते, कारण काच पुसावीच लागत नाही. पण मिनिटाला एक ते दोन लिटर पाणी जाते. शिवाय ते क्षारमुक्त हवे, नाहीतर वाळताना पांढरे डाग उरतात, आणि या भागात जमिनीखाली चुनखडी असल्यामुळे नळाचे पाणी फार जड आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओच्या नळीखाली आई बादली ठेवते, तसेच येथेही पाणी क्षारमुक्त करताना शुद्ध पाण्याइतके, कधी त्याहून जास्त, पाणी बाजूला पडते. ते आम्ही गाडी आणि फडकी धुण्यासाठी वापरतो, तरी सगळे संपत नाही, याचे मला वाईट वाटते.

घाई असली की पाण्याचा जोर वाढवण्याचा मोह होतो. पण पक्ष्यांची विष्ठा पाण्याने निघत नाही, ती भिजून ब्रशने निघते. म्हणून मी घासताना प्रवाह अगदी कमी ठेवतो, वरची चौकट आधी घासतो, एक खिडकी भिजत असताना दुसरीकडे वळतो आणि शेवटी वरून खाली एकदाच भरपूर पाण्याने खळखळून धुतो. या शेवटच्या धुण्यात मी कधीच काटकसर करत नाही. चौकटीतले मळके पाणी नंतर ओघळले तर परत यावे लागते, आणि त्या फेरीत वाचवलेल्यापेक्षा जास्त पाणी व वेळ जातो. दुकानांच्या खालच्या काचा हातानेच कराव्यात, असे मी मालकांना सुचवले आणि त्यांनी ते मानले.

येथील एक रीत तुम्हाला पटणार नाही. आम्ही पावसातही काचा धुतो. घरमालक बहुधा घरी नसतात; आम्ही मागच्या फाटकातून जातो, काम करतो, दारात चिठ्ठी टाकतो आणि पैसे नंतर बँकेत जमा होतात. पावसात धुण्याला कोणी हरकत घेत नाही, कारण पावसाचे पाणी मुळात बरेच शुद्ध असते, डाग पडतात ते काचेवर आधीपासून बसलेल्या धुळीमुळे. ती निघालेली असली की पाऊस पडूनही काच स्वच्छ राहते. दर चार किंवा आठ आठवड्यांनी जाण्याचे कारणही तेच, मळ साचला नाही तर धुण्याला पाणी कमी लागते. मी रेनकोट घालतो आणि कोरडे मोजे जवळ ठेवतो, तेव्हा आईने काळजी करू नये.

एवढे शिकून हे काम का, असे काकांनी विचारल्याचे कळले. काम प्रामाणिक आहे, पगार वेळेवर होतो आणि माझ्या व्हिसाला ते चालते, एवढे त्यांना सांगा.

मनीषाच्या लग्नाची तारीख तुळशीच्या लग्नानंतरचीच धरा. मंगल कार्यालयाची अनामत आणि दागिन्यांचा निम्मा खर्च माझ्याकडे. पहिला हप्ता पुढच्या आठवड्यात बाबांच्या खात्यात येईल, त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढू नका. गड्ड्याच्या जत्रेला येता आले नाही आणि आजीच्या वर्षश्राद्धालाही नव्हतो, ते मनात आहे. लग्नाला मात्र रजा मंजूर करून घेतली आहे. बार्शीच्या स्थळाचे फोटो पाहिले, परंतु मनीषाचे कार्य होईपर्यंत माझा विषय थांबवावा आणि त्या मंडळींना तसे आताच स्पष्ट कळवावे, म्हणजे त्यांचा खोळंबा होणार नाही.

आपला,
संदीप