डोळ्यात काडी गेली तर जुने थेंब नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्याकडे सध्या तुरीची मळणी आणि पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटण्याचे काम सुरू आहे. या दिवसांत डोळ्यात कुटार किंवा काडी गेल्यावर घरातली जुनी बाटली शोधून थेंब टाकण्याची जी सवय आहे, तिच्याविषयी हे पत्र.

मागच्या हंगामात वाळकी पऱ्हाटी माझ्या उजव्या डोळ्याला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषधाची पिवळी पट्टी पापणीला आतून टेकवली आणि निळा उजेड पाडला, तेव्हा बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा ओरखडा हिरवा चमकला, असे सोबतच्या मुलाने सांगितले. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, सर्वात वरचा थर पेशींच्या पाच-सात रांगांचा, जेमतेम 0.05 मिलिमीटर जाडीचा असतो. तो खरवडला गेला की काठावरच्या पेशी नव्या पेशींची वाट न पाहता पसरट होतात आणि उघड्या जागेवर सरकत येतात. विभाजनाने थर पुन्हा जाड होतो तो नंतर, आणि त्यासाठीच्या मूळ पेशींचा साठा बुबुळाच्या कडेला, काळे-पांढरे जिथे मिळते तिथे असतो. लहान ओरखडा एक ते तीन दिवसांत झाकला जातो. माझाही तिसऱ्या दिवशी झाकला गेला, आणि मी डॉक्टरांनी दिलेले मलम बंद केले.

तीन आठवड्यांनी पहाटे डोळा उघडताच तीच टोचणी! नवा थर खालच्या पडद्याला घट्ट धरायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. झोपेत कोरड्या झालेल्या पापणीने तो ओढून काढला होता.

माझे एवढ्यावरच भागले. पण काडीसोबत बुरशी आत गेली असेल आणि जुन्या थेंबांत स्टेरॉइड (सूज दाबणारे औषध) असेल, तर लाली उतरते, माणसाला बरे वाटते आणि आत बुरशी पसरते. जखम या थराच्या खाली उतरली की मागे फूल (पांढरा डाग) राहते, ते पेशी सरकून पुसले जात नाही.

नेपाळमधील भक्तपूर येथे गावातल्याच कार्यकर्त्यांनी ओरखडे ओळखून तीन दिवस प्रतिजैविक मलम दिले, आणि ज्यांना ते 18 तासांच्या आत मिळाले त्यांच्यापैकी कोणाच्याही बुबुळावर जखम चिघळून व्रण (अल्सर) झाला नाही, हे 2001 साली प्रसिद्ध झाले आहे. पट्टी, निळी बॅटरी आणि मलम एवढे साहित्य आरोग्य विभागाने निदान मळणीच्या दोन महिन्यांत उपकेंद्रात ठेवावे आणि आशाताईंना ते वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी विनंती आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ