साताऱ्याचे हवाई दलप्रमुख

संपादक महोदय,
हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप नाईक साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी, हे आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलाला माहीतच नव्हते. वाईट वाटले. १९६९ मध्ये लढाऊ वैमानिक झालेले नाईक १९७१ च्या युद्धात उतरले. पुढे त्यांनी मिग-२१ बरीच वर्षे उडवले. ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावपट्टीला टेकणारे ते विमान. हात जरासा चुकूनही चालत नाही! २००९ ते २०११ ते एअर चीफ मार्शल, म्हणजे लष्करातल्या जनरलच्या तोडीचे. १९६१ ची ही शाळा देशातली पहिली सैनिक शाळा. आता तिथे मुलींनाही प्रवेश आहे. जिल्ह्यातल्या शाळांनी एका परिपाठात तरी नाईकांची कारकीर्द मुलांना सांगावी.

– एक वाचक, सातारा