माशाच्या पराच्या कडेवरून बोट फिरवायला लावणाऱ्या काकांना

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. माझ्या जाळीतला रेनबो ट्राउट मासा ओढ्यातच जन्मलेला, म्हणजे अस्सल, की हॅचरीतून, म्हणजे मासे पैदा करून वाढवतात त्या केंद्रातून, आणून सोडलेला, असं मी विचारलं आणि तुम्ही हसला नाहीत. पहिले आभार त्याचेच.

हसणारे आधी भरपूर भेटले होते. गळाचं सामान विकणाऱ्याने "अंगावरचा पट्टा लालभडक म्हणजे अस्सल" असं ठोकून दिलं. स्वतःला जाणते म्हणवणारे एक गृहस्थ तर म्हणाले, "बाई, तव्यावर सगळे सारखेच!" रंग तळाप्रमाणे, खाण्याप्रमाणे, विणीच्या हंगामाप्रमाणे बदलतो आणि मोठ्या तळ्यात राहिलेला अस्सल मासाही चांदीसारखा फिका दिसतो, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसावं. ठाऊक नाही म्हणायला मात्र जीभ रेटत नव्हती.

तुम्ही आधी दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केलेत. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, हे सांगत बसला नाहीत. मला बघूनच कळलं. मासा पाण्याबाहेर काढला नाहीत. आणि मग उत्तर देण्याऐवजी माझं बोट धरून त्याच्या पाठीवरच्या पराच्या कडेवरून हळूच फिरवलंत. पराचे काटे सरळ नव्हते. मध्येच वाकलेले, जागोजागी गाठी आल्यासारखे, आणि कड झिजून बोथट झालेली. छातीचे परही तसेच आखूड. सिमेंटच्या हौदात दाटीवाटीने वाढताना मासे एकमेकांचे पर चावतात, भिंतीला-तळाला घासतात, पर पुन्हा वाढले तरी काटे वेडेवाकडेच राहतात, एवढं दोन वाक्यांत सांगितलंत. मग म्हणालात, "आता पुढचा तू सांग." पुढचा मासा मिळेपर्यंत स्वतःचा गळ गुंडाळून तुम्ही शेजारी थांबलात! आपला वेळ मोडून दुसऱ्याच्या हाताला शिकवणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. भेटतात ती बहुतेक आपलं ज्ञान ऐकवणारी.

शेपटीच्या अलीकडचा तो छोटा, बिनकाट्यांचा मांसल पर मी आधी कधी नीट पाहिलाही नव्हता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅचरीतल्या बहुतेक स्टीलहेडचा, म्हणजे समुद्रात जाऊन येणाऱ्या रेनबोचा, तो पर लहानपणीच कापतात. त्यामुळे तिथे कापल्याची भरलेली खूण दिसली की ओळख पटते. पण सगळीकडे कापत नाहीत, तेव्हा तो शाबूत आहे म्हणून मासा अस्सल असं मानू नकोस, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं.

तिसऱ्या माशाला तर तुम्ही उलटसुलट न्याहाळलंत आणि म्हणालात, "याचं मला सांगता येणार नाही." बोटभर असतानाच सोडलेलं पिल्लू ओढ्यातच मोठं झालं, तर त्याचे पर तुळतुळीत असू शकतात. मग खवल्यावरची वलयं भिंगाखाली बघायची: हॅचरीत खाणं बाराही महिने एकसारखं मिळतं, म्हणून ती सारख्या अंतरावर असतात, ओढ्यात हिवाळा आला की दाट होतात. माशाच्या कानातल्या चुन्याच्या खड्यावर याहून स्पष्ट कळतं, पण त्यासाठी जीव घ्यावा लागतो. आपल्या कुतूहलापायी तो घ्यायचा नाही म्हणून तुम्ही जाळी तिरकी केलीत आणि मासा गेला.

एक वाद मात्र उरलाय. रेनबो मूळचा पॅसिफिकच्या काठच्या नद्यांचा. बाकी जगात माणसानेच नेलेला. सोडलेल्या माशांची पिल्लं परक्या ओढ्यात जन्मली की ती अस्सलच, असं तुमचं म्हणणं. मला ते अजून पटलेलं नाही. पुन्हा भेटलात तर तुमच्याशी भांडायचं आहे, आणि या वेळी नावही विचारणार आहे.

तुमची,
जाळीवाली मुलगी